नकाशावरचा निळा थेंब

आमच्या उद्यानाच्या दाराशी एक मोठा लोखंडी फलक आहे. त्यावर उद्यानाचा नकाशा रंगवलाय. पिवळ्या रेघा म्हणजे वाटा, लाल चौकोन म्हणजे स्वच्छतागृहं, हिरवे ठिपके म्हणजे झाडी. वरच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे एकही पिवळी रेघ पोचत नाही, तिथे एक निळा थेंब होता. खाली अक्षरं होती, ‘नैसर्गिक झरा’. मी पर्यवेक्षक म्हणून इथे रुजू झाले तेव्हा पहिल्याच आठवड्यात विचारलं, हा झरा दाखवायला कोण येतंय? कुणीच हललं नाही. तो कुणी पाहिलेलाच नव्हता. कुठल्याशा जुन्या नकाशावर थेंब होता, म्हणून पेंटरने तो फलकावर उतरवला होता.

कामाबद्दल लिहा, असं या अंकाच्या संपादकांनी सांगितलं तेव्हा झाडं, रोपवाटिका, फुलपाखरं यांवर लिहायचं मी ठरवलं होतं. कागद पुढे घेतल्यावर मात्र तो थेंबच आठवला. तेव्हा फुलपाखरं राहू देत.

लोकांना वाटतं, बाग सांभाळणं म्हणजे झाडांना पाणी घालणं. सोलापुरात ते खरंही आहे, कारण दुसरं काही करायला वेळच उरत नाही. आमचं उद्यान म्हणजे मुळात माळरान. वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. हे रान हिरवं करायचं असं फार पूर्वी कुणीतरी ठरवलं. तेव्हा वेड्या बाभळीचं बी टाकलं, ते तेवढं फोफावलं. बाकी जे काही उभं आहे ते एका बोअरवर. ठरलेल्या वेळी मोटर सुरू होते, टाकी भरते, टाकीतून नळ्या, नळ्यांतून रोपं. एखाद्या पट्ट्याची पाळी चुकली की करंज मान टाकतो. म्हणून माझं निम्मं डोकं कायम मोटरीच्या वेळापत्रकात असतं. उरलेलं निम्मं शेळ्या, वणवा आणि लोक यांच्यात वाटलेलं.

लोकांना झराच हवा असायचा. दारावरचे आमचे रखवालदार दस्तगीरभाई. त्यांनी यावर एक उत्तर बसवून ठेवलं होतं. कुणीही विचारलं की हात लांब करून म्हणायचे, “आगे जाव, सीधा.” लोक सरळ जात, दमत, करंजाच्या सावलीत डबा खात आणि झरा विसरून परत येत. सकाळी फिरायला येणारे एक निवृत्त गृहस्थ मात्र विसरत नसत. झरा नागरिकांसाठी खुला करावा, असा अर्ज ते दर पावसाळ्याआधी देत आणि मी ‘कार्यवाही सुरू आहे’ असं उत्तर पाठवी. एकदा आमची टाकी भरून वाहत होती. तिथे दोन मुली नाचल्या आणि तो व्हिडिओ ‘सोलापुरातला गुप्त झरा’ म्हणून गावभर फिरला. पुढचे कित्येक रविवार माणसं सहकुटुंब येऊन आमच्या टाकीखाली पाय धूत होती. दस्तगीरभाई म्हणाले, “मॅडम, झरा मिल गया. अब तिकीट बढाव.”

हसण्यावारी नेण्यासारखीच गोष्ट होती. ते हसणं रेवणप्पा येईपर्यंत टिकलं.

चैत्र लागला होता. सकाळीच ऊन अंगाला लागत होतं. एक म्हातारे गृहस्थ सायकल दाराला टेकवून फलकासमोर उभे होते. पांढरा सदरा, पायजमा, टोपी, कपाळावर विभूतीची पट्टी, हातात कापडी पिशवी. बराच वेळ थेंबाकडे बघून त्यांनी दस्तगीरभाईंना झरा विचारला. दस्तगीरभाईंचा हात सवयीने लांब झाला. तसे ते म्हातारे म्हणाले, “आगे न्हाय. आगे जाऊन आलो मी. तितं तुमची टाकी हाय.”

मग मला बोलावणं आलं.

रेवणप्पा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर जॉबर होते. जॉबर म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारा कारागीर. चादरी, टॉवेल यांच्या मागांचा खडखडाट ऐकून ऐकून त्यांचे कान मंद झाले होते, म्हणून ते मोठ्यानं बोलत. सगळी हकीकत त्यांनी दारातच, येणाऱ्या-जाणाऱ्यांना ऐकू जाईल अशी सांगितली.

त्यांच्या पत्नीचं नाव नीलव्वा. पोटात गाठ होती. दवाखान्याने आता घरीच न्या म्हणून सांगितलं होतं. अन्न सुटलं होतंच, आता पाणीही नको म्हणत होत्या. “कुटलंबी पानी द्या, कडू लागतंय म्हनती. नळाचं दिलं, बाटलीचं दिलं, सिद्धेश्वराचं तीर्थ दिलं. ओठाला लावती आन् तोंड फिरवती. परवा म्हनली, हळ्ळद नीर कोडरी.”

मला कानडी कळत नाही हे पाहून त्यांनीच मराठीत सांगितलं, “वड्याचं पानी द्या म्हनली. तिचं म्हायेर हितलं की. या माळाच्या पल्याड वस्ती हुती त्यांची. लगीन हुईपतूर तिनं त्या झऱ्याचंच पानी भरलं. नवीन लगीन झाल्यावर आमीबी जायचो तितं, बसायला.” आणि जरा थांबून, “लई गोड पानी, ताई.”

पिशवीतून त्यांनी फिरकीचा तांब्या काढून दाखवला. घासून लख्ख केलेला, रिकामा. “एवढा न्हाय भरला तरी चालंल. एक घोट पायजे.”

मी कामाच्या बाबतीत शिस्तीची आहे. कुठलंही काम आलं की आधी त्याचे तुकडे करते आणि कागदावर मांडते. त्या दिवशीही तेच केलं. झरा असलाच तर ओढ्याच्या घळीत असणार. घळीत शिरायच्या बाजू दोनच, वरून किंवा खालून. वरून उद्या, नाही जमलं तर खालून परवा. दोन कामगार, दोन कोयते, एक कुऱ्हाड, काठ्या, प्यायचं पाणी, सापाच्या औषधासाठी दवाखान्याचा नंबर. रेवणप्पांना म्हटलं, “काका, तुम्ही दारात बसा, आम्ही पाणी आणून देतो.”

“तुमाला कुटं ठावं हाय ते? मी येतो.”

दुसऱ्या दिवशी वरून शिरलो. वेडी बाभूळ बाहेरून नुसतं झुडूप दिसते. आत शिरलं की कळतं, तिच्या फांद्या एकमेकींत ओवलेल्या असतात. कामगार एक फांदी तोडायचे, ती ओढून काढताना वरची चार अंगावर यायची. काटा चपलेतून आरपार जायचा. ऊन डोक्यावर येईपर्यंत आम्ही जेमतेम खोलीभर जागा मोकळी केली होती. रेवणप्पा मागे उभे राहून इकडे तिकडे खुणा शोधत होते. “हितं एक लिंब हुता,” ते म्हणायचे. लिंब नव्हता. “हितनं गिरणीची चिमणी दिसायची, नाकासमोर.” चिमणीही नव्हती. ती पाडली त्याला खूप वर्षं झाली. त्यांच्या साऱ्या खुणा नसलेल्या गोष्टींच्या होत्या. माझ्याकडे नकाशा होता, त्यावरचा थेंब पेंटरच्या हाताचा. दोघांत कोण जास्त आंधळं, हे सांगणं कठीण होतं.

तिसऱ्या दिवशी खालून गेलो. तिकडच्या अंगाला नवं प्लॉटिंग झालंय. घरं झाली, गटारं झाली, गटारांना जायला जागा मात्र कुणी आखली नाही. ती आमच्या ओढ्यात उतरली आहेत. काळं पाणी, त्यावर फेस, त्यात अडकलेल्या पिशव्या. कामगारांनी नाकाला रुमाल बांधले. रेवणप्पा काठावर उभे राहिले. त्यांनी तांब्याची पिशवी छातीशी धरली होती, जणू त्या वासानेही तो बाटला असता.

“काका, झरा याच्या बराच वर असेल,” मी म्हटलं. “हे त्याचं पाणी नाही.”

“व्हय. आसंल.”

त्या दिवशी त्यांना सायकलवर बसवेना. दस्तगीरभाईंनी चहा पाजला. मी विचारलं, नीलव्वाकाकूंचं कसं आहे?

“कापूस भिजवून ओठाला लावतोय. तेवढंच.”

मी घरी जाऊन कागद काढला आणि पुढे काय लिहावं ते सुचेना. दोन्ही बाजूंवर काट मारून झाली होती. तिसरी बाजू नव्हती.

सकाळी ते पुन्हा दारात हजर. मला खरं तर त्यांना नाही म्हणायचं होतं. शब्दही जुळवले होते. ते मात्र आपल्याच तंद्रीत होते. दस्तगीरभाईंना सांगत होते, “रातच्याला नीलव्वाला म्हनलं, जागा घावंना. तर म्हनली, भोंगा हू द्या, मंग कळंल.”

“भोंगा कायका?” दस्तगीरभाईंनी विचारलं.

“गिरणीचा की हो. झऱ्यापाशी बसलं की भोंगा दोनदा ऐकू यायचा. एकदा गिरणीकडनं, आन् एकदा म्होरच्या कड्यातनं. दुसरीकडं कुटं न्हाय, तितंच. आमची नीलव्वा म्हनायची, पयला गिरणीचा, दुसरा आपला.” ते किंचित हसले. “गिरणी बंद, भोंगा बंद. आता म्हनती, भोंगा हू द्या. ध्यानात ऱ्हात न्हाय तिच्या.”

दस्तगीरभाईंच्या गळ्यात शिट्टी असते. सगळ्याच रखवालदारांच्या असते. वाटेवर गाडी आणणाऱ्यांना आणि झाडाआड बसणाऱ्यांना ती वाजवायची. माझी नजर तिच्यावर गेली. त्यांच्याही लक्षात आलं. त्यांनी ती गळ्यातून काढून माझ्या हातात दिली. “लेव मॅडम. गिरणी का भोंगा तो नै, मगर चलेगा.”

आम्ही घळीच्या काठाकाठाने निघालो. थोडं चालायचं, थांबायचं, शिट्टी फुंकायची, ऐकायचं. रेवणप्पांचे कान मंद, म्हणून ऐकायचं काम दस्तगीरभाईंचं. शिट्टी जायची आणि बाभळीत विरून जायची. सकाळी फिरणारे लोक लांबून बघत होते. ते अर्जवाले गृहस्थ जवळ येऊन म्हणाले, “मॅडम, मॉक ड्रिल आहे का?” मी हो म्हटलं.

घळ जिथे वळते तिथे फुंकली आणि शिट्टी परत आली. बारीक, पण स्वच्छ. दस्तगीरभाईंनी हात वर केला. मी पुन्हा फुंकली, पुन्हा आली. रेवणप्पा आमच्या तोंडांकडे बघत होते. मी म्हटलं, “दोनदा, काका.” त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

तिथून खाली उतरायला बाभळीखालून सरपटत जावं लागलं. माझा दुपट्टा फाटला, दस्तगीरभाईंच्या पाठीवर ओरखडा उठला. रेवणप्पा त्या वयात आमच्या पुढे होते. आणि मग एकदम उभं राहता आलं. काळ्या पाषाणाचा कडा, त्याच्या पायथ्याशी परातीएवढा खड्डा, वर एक आडवी भेग. कडेच्या दगडावर गोल गोल खळगे पडलेले. किती पिढ्यांच्या घागरी टेकल्या असतील, तेव्हा पाषाणात त्यांच्या बुडाचा आकार उमटला असेल.

खड्डा कोरडा होता. शेवाळ वाळून चहाच्या पावडरीसारखं झालं होतं. बोट लावलं की झडत होतं.

मी काही बोलायच्या आत रेवणप्पांनी पिशवीतून तांब्या काढला, फिरकी सोडवली आणि बरोबर भेगेखाली एका खळग्यात तो ठेवला. तांब्या तिथे नीट बसला. मग ते समोर मांडी घालून बसले.

“काका,” मी म्हटलं.

“थांबा. येतंय. उनाळ्यात टाईम लागायचा त्याला.”

आम्ही बसलो. दस्तगीरभाई कड्याकडे बघत होते, मी तांब्याकडे. एवढ्या शांततेत वरून एक घरघर ऐकू यायला लागली. मला ती कळायला क्षणही लागला नाही. रोज ऐकते. आमच्या मोटरीची वेळ झाली होती. बोअर कड्याच्या बरोबर वर होता. मी रोज त्याच्यापाशी पलीकडून, पक्क्या वाटेने जाते, त्यामुळे तो इथे येतो हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. ज्या शिरेतून ही भेग पाझरत होती, तीच आम्ही वरून ओढत होतो. उद्यान हिरवं राहिलं होतं ते या पाण्यावर.

मी तिथूनच कामगाराला फोन करून मोटर बंद करायला लावली. दुसऱ्या दिवशीही सुरू करू दिली नाही, त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. माझ्या नोकरीत असं मी कधी केलेलं नव्हतं. वरून साहेबांचा फोन आला. मी सांगितलं, मोटर नादुरुस्त आहे. पश्चिमेच्या पट्ट्यातली पावसाळ्यात लावलेली रोपं माना टाकायला लागली. रोज सकाळी आम्ही तिघं सरपटत खाली जायचो, रोज तांब्या खळग्यात ठेवायचो. भेगेत बोट घातलं तर खोलवर जराशी ओल लागायची, किंवा लागते असं वाटायचं. थेंब सुटला नाही. बोअरवाल्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, “मॅडम, पाणी किती खाली गेलंय आता. मोटर वर्षभर बंद ठेवली आणि पाऊस चांगला झाला, तर बघू.”

वर्षभर.

शेवटच्या सकाळी रेवणप्पांनी स्वतःच तांब्या उचलला. “ऱ्हाऊ द्या ताई. झाडं वाळालीत तुमची.” वर आल्यावर ते दाराजवळच्या नळाशी थांबले. त्या नळाने आम्ही कर्दळीला पाणी घालतो. “ह्ये त्याच पोटातलं न्हवं?”

“त्याच शिरेतलं आहे, काका.”

“मंग तेच झालं.” त्यांनी नळ सोडला, तांब्या विसळला, भरला, फिरकी घट्ट बसवली. मला बरं वाटायला हवं होतं. ते सायकलला पिशवी अडकवून गेले आणि मी आत जाऊन मोटर सुरू करायला सांगितलं.

त्यानंतर मी पेंटरला बोलावलं आणि फलकावरचा थेंब पुसून टाकायला सांगितला. त्याच्याकडचा हिरवा आणि फलकावरचा जुना, उन्हाने विटलेला हिरवा जुळला नाही. निळा गेला, पण थेंबाच्या आकाराचा गडद डाग उरला. आता लोक दस्तगीरभाईंना विचारतात, इथे काय आहे? ते हात लांब करत नाहीत. “कुच नै,” म्हणतात.

पाऊस लांबला होता, तेव्हा कधीतरी रेवणप्पा आले. कपाळावर विभूती होती, सायकल नव्हती. नीलव्वाकाकूंचं काय झालं ते विचारायची गरज नव्हती. मी त्यांना खुर्ची दिली. ते फलकाकडे बघून म्हणाले, “पुसलं व्हय.”

“पुसलं, काका.”

ते बसले. मग नेहमीसारखं मोठ्यानं न बोलता, मला वाकून ऐकावं लागेल असं बोलायला लागले.

“पानी दिलं तिला. घोट घेतला. म्हनली, कडू हाय. मी म्हनलं, झऱ्याचंच हाय ग. तर माझ्याकडं बघितली. म्हनली, तुमी गेलता तितं? म्हनलं, गेलतो. खरंच गेलतो की. म्हनली, भोंगा झाला का? म्हनलं, झाला.” ते थांबले. “म्हनली, कितीदा?”

दस्तगीरभाई दारातल्या स्टुलावर खाली मान घालून बसले होते, शिट्टी गळ्यात.

“म्हनलं, दोनदा. तर डोळं मिटलं. मंग पानी मागितलंच न्हाय.”

तेवढ्यात मोटरीची वेळ झाली आणि ती सुरू झाली. आवाज दारापर्यंत नीट येतो. मंद कानाच्या माणसालाही तो कळला असावा, कारण रेवणप्पांनी मान तिकडे वळवली आणि जरा वेळ तशीच ठेवली, दुसऱ्यांदा काही येतंय का ते ऐकत असल्यासारखी. मग ते उठले. नळाशी थांबले नाहीत.